सव्वा महिन्यानंतरची नदी : एका बाळंतिणीच्या समुपदेशनाचे प्रकरण

या प्रकरणातील स्त्रीचे वय 22 वर्षे, शिक्षण बारावीपर्यंत, आणि हे तिचे पहिलेच बाळंतपण होते. तिची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले असून लेखात तिला सर्वत्र बाळंतीण असेच म्हटले आहे. तिचे माहेर वर्धा नदीच्या अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, आणि सासर पलीकडच्या तीरावर, वर्धा जिल्ह्यात. माहेरच्या शेतातून सासरच्या शिवारातली झाडे दिसतात. मात्र पुलावरून जायचे तर दोन गाड्या बदलून अर्धा दिवस मोडतो. हा भूगोल सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, तिच्या आजारात, म्हणजे प्रसूतीनंतरच्या नैराश्यात, औषधाइतकाच नदीचा वाटा होता, आणि ते आमच्या लक्षात फार उशिरा आले.

आठव्या महिन्याच्या अखेरीस तिचा रक्तदाब वाढला, पायांवर सूज आली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन घाईने सीझर करावे लागले. मुलगी झाली. वजन 1,850 ग्रॅम भरल्यामुळे तिला नऊ दिवस नवजात शिशू काळजी कक्षात ठेवले गेले, आणि आईला तिचा पहिला स्पर्श तिसऱ्या दिवशी, काचेच्या पेटीच्या गोल छिद्रातून हात घालून झाला. त्या वेळी आईचे हिमोग्लोबिन 8.6 होते. दहाव्या दिवशी मायलेकी माहेरी आल्या आणि रीतीप्रमाणे सगळे सुरू झाले: अंधाऱ्या खोलीत बाज, खाली शेगडी, वर शेक, डिंकाचे लाडू, बाळाला धुरी. तिच्या आईने कशातही कसर ठेवली नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण अशा प्रकरणांत घरच्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची आपल्याला घाई असते.

बाळंतीण रडत होती, आणि ती हळवी झाली आहे असे सगळ्यांनी मानले. ते अगदीच चूक नव्हते. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक बाळंतिणींना विनाकारण रडू येते, चिडचिड होते, झोप चाळवते, आणि दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरते. हिचे मात्र तिसऱ्या आठवड्यात वाढले. पुढे रडणे थांबले, तेव्हा घरच्यांना हायसे वाटले. वास्तविक तेव्हा ती अधिक आजारी होती, कारण तिला आता रडूही येत नव्हते.

आशाताईंच्या गृहभेटी चालू होत्या. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत विदर्भाच्याच मातीतली आहे: डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत ती उभी केली, 1999 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 2011 पासून ती देशभर राबवली जाऊ लागली. बाळे मरत होती म्हणून ती जन्मली. त्यामुळे तिच्या फॉर्मवर बाळाचे तापमान, वजन, श्वास, नाळ आणि अंगावर पिणे यांची बारीक विचारपूस आहे, आईचा रक्तस्राव आणि ताप यांची आहे. आईच्या मनाला तेवढी जागा नाही. हा फॉर्मचा दोष म्हणता येणार नाही, पण परिणाम मात्र म्हणावा लागेल.

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीत आशाताईंनी काट्याच्या झोळीत बाळाचे वजन केले. ते चांगले वाढले होते. त्यांनी झोळी बाळंतिणीपुढे धरून "घे, काढ तुझ्या लेकीला" असे म्हटले, तेव्हा तिचे हात मांडीवरच राहिले आणि ती म्हणाली, "मायजवळ द्या." एवढेच. आशाताईंनी फॉर्म बाजूला ठेवला, आजीला पाणी आणायला पाठवले आणि विचारले, "बाळ बरं आहे, तू कशी आहेस?" उत्तर आले: "पोरगी माही हाय, असं मले वाटतच नाही, ताई."

त्याच संध्याकाळी आशाताईंनी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी घरी येऊन, गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असे किती दिवस झाले आणि मन खचलेले, निराश असे किती दिवस होते, हे दोन चाळणी-प्रश्न विचारले. हेच दोन प्रश्न आशाताईंकडच्या दुसऱ्या एका फॉर्मवर छापलेले असतात. पण तो रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीचा फॉर्म तिशीच्या पुढच्या माणसांसाठी आहे, आणि आमच्या भागातल्या बहुतेक बाळंतिणी तिशीच्या आतल्या असतात. प्रश्न गावात होते. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती. दोन्ही प्रश्नांना तिचे उत्तर "रोजच" असे आले.

पहिली भेट

बत्तिसाव्या दिवशी ती आईबरोबर ग्रामीण रुग्णालयात आली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे आमचे पथक आठवड्यातून एकदा तेथे बसते. सव्वा महिना पुरा झालेला नसताना बाळंतिणीला बाहेर काढायला आजीची तयारी नव्हती; "टाके दाखवायचे आहेत" एवढ्या कारणावर ती आली. मी परिचारिकेला खूण केली, आजी बाळाला घेऊन वजनकाट्याकडे गेली आणि आम्हाला वीस मिनिटे मिळाली. नवख्या सहकाऱ्यांना मी हेच सांगते की, आई किंवा सासू समोर बसलेली असताना मिळालेली उत्तरे कागदावर लिहूच नयेत.

प्रसूतीनंतरचे नैराश्य चाळून पाहणारी एडिंबरा प्रश्नावली मी तोंडी विचारली. 1987 मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या या प्रश्नावलीत मागच्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न आहेत आणि कमाल गुण 30. तिच्या सहाव्या प्रश्नाचा शब्दशः अनुवाद केला तर ऐकणारीला काही बोध होत नाही, "साधी कामंसुद्धा अंगावर येतात का?" असे विचारले की लगेच उत्तर येते. तिचे गुण 17 आले. 13 किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे तपासणी व्हायलाच हवी, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असतो आणि एकूण गुण कितीही असोत, त्याचे उत्तर स्वतंत्रपणे पाहावे लागते. तिने "कधीकधी" म्हटले आणि खिडकीकडे पाहिले. मी थेट विचारले: मरण्याचा काही बेत मनात आहे का? बेत नव्हता. "आपुन नसतो त बरं झालं असतं" एवढा विचार होता, आणि तो रात्री दोनच्या सुमारास येत असे.

त्यानंतर तिने जे सांगितले ते या प्रकरणाचे मर्म आहे. माहेरच्या अंगणात विहीर आहे. "इहिरीपाशी गेली का मनात येते, हातातून सुटली त? म्हनून म्या तिले घेतच नाही." तिला दिवसातून कितीतरी वेळा बाळ विहिरीत पडल्याचे चित्र दिसे, छातीत धडधडे, आणि मग ती बाळापासून दूर, भिंतीला लागून बसे. ती विहिरीकडची खिडकी लावून घेई. रात्री बाळाचा श्वास चालू आहे ना हे पाहायला उठे, पण हात लावत नसे. नाकाजवळ कापसाचे बोंड धरून तंतू हलतात का ते पाही. घरच्यांना यातले फक्त दूर बसणे दिसत होते, आणि त्याचा अर्थ त्यांनी "हिले माया नाही" असा लावला होता. तिने स्वतःही तोच अर्थ लावला होता.

अर्थ उलट होता. असे नको असलेले, घाबरवून सोडणारे विचार प्रसूतीनंतरच्या नैराश्यात आणि चिंतेत पुष्कळ बायकांना येतात. त्या ते विचार अमलात आणत नाहीत, त्यांच्यापासून पळतात. जिला हा विचार भयंकर वाटतो, जी विहिरीची खिडकी लावून घेते, ती बाळाला जपतच असते, फक्त जपण्याची तिची रीत तिला बाळापासून तोडते. हे मी तिला याच शब्दांत सांगितले. तिने मान हलवली, पण पटल्याचे दिसले नाही. एका बैठकीत पटावे अशी अपेक्षाही नव्हती.

याच ठिकाणी एक फरक काटेकोरपणे करावा लागतो. हजारात एक-दोन बाळंतिणींना प्रसूतीनंतर काही दिवसांतच तीव्र मनोविकार होतो: बाळ झोपले असतानाही रात्र-रात्र झोप नाही, असंबद्ध बोलणे, कानात आवाज, बाळाविषयी विचित्र पक्क्या समजुती. तेथे बाळाला इजा होण्याचा विचार आईला चुकीचा वाटत नाही, आणि ती तातडीने रुग्णालयात नेण्याची अवस्था असते. आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी ही लक्षणे, पूर्वी कधी अतिउत्साहाचा झटका आला होता का, आणि घराण्यात कोणाला असा आजार होता का, हे सगळे तपासले. तसे काही नव्हते. थायरॉइडची तपासणी करून घेतली, कारण बाळंतपणानंतर ती ग्रंथी बिघडली तरी मरगळ आणि उदासी येते. अहवाल ठीक आला. लोहाच्या गोळ्या वाढवल्या. सर्ट्रालीन हे नैराश्यावरचे औषध 25 मिलिग्रॅमने सुरू केले आणि आठवड्याने 50 करायचे ठरले. या औषधाचा अंश दुधात फार थोडा उतरतो, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला ते सहसा प्रथम दिले जाते. बाळ जास्त सुस्त तर होत नाही ना, नीट पिते ना, एवढे पाहायचे असते. आजीला हे दोनदा समजावले. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, हेही सांगितले.

एकोणचाळिसाव्या दिवशी ती दुसऱ्यांदा आली. या वेळी आशाताईंनी सुचवल्यावरून मी माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने माझा फोन नंबर आणि "आईसाठी" हा शब्द लिहिला. हे त्या दिवशीचे सर्वांत क्षुल्लक काम होते.

नदीपलीकडे

चव्वेचाळिसाव्या दिवशी सासरचे लोक तिला न्यायला आले. कापसाची वेचणी चालू होती, घरात सासू एकटी होती आणि सव्वा महिना उलटून गेला होता. थांबण्याला रीतीचा आधार उरला नव्हता. आशाताईंची बेचाळिसाव्या दिवसाची शेवटची भेट झाली होती, दीड महिन्याची लस झाली होती, आणि कागदोपत्री प्रकरण पूर्ण होते. यापुढे लहान बाळांच्या गृहभेटींचा जो कार्यक्रम आहे, त्यातली पहिली भेट तिसऱ्या महिन्याला येते, आणि ती सासरच्या गावची आशाताई देणार.

येथे माझ्याकडून चूक झाली, आणि ती जशी झाली तशी लिहिते. मी चिठ्ठी दिली होती, "पुढील उपचारासाठी" अशी. पण ती कोणाच्याच नावाने नव्हती. माझ्याकडे फोन नंबर होता तो तिच्या आईचा. सासरी फोन एकच, नवऱ्याचा, आणि तो दिवसभर शेतात. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक मी तिला दिला होता. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली ही सेवा चोवीस तास मिळते आणि मराठीतही बोलता येते. मात्र जिच्या हातात फोनच नाही, तिला नंबर देऊन मी केवळ माझ्या वहीतला रकाना भरला होता. तिसऱ्या भेटीला ती आली नाही, तेव्हा मी "गैरहजर" असे लिहिले.

सासरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी विचारले, "ह्या गोळ्या कायच्या?" तिला उत्तर देता आले नाही, आणि गोळ्या बंद झाल्या, म्हणजे गुण यायच्या सुमारासच. सासरच्या अंगणात विहीर नाही, सिमेंटचे टाके आहे. विचार टाक्यापाशी जाऊन बसला.

अडीच महिन्यांच्या लसीकरणाला सासू एकटीच बाळाला घेऊन आली. तेथल्या सिस्टर फार वर्षांच्या आहेत. "आई कुठं आहे?" असे त्यांनी विचारले आणि "घरी, तिले बरं नसते" हे उत्तर त्यांनी नुसते ऐकून सोडले नाही. लसीची नोंद करताना कार्ड उलटले, तेव्हा मागची पेन्सिलीची ओळ दिसली. मला फोन आला तो बाहत्तरावा दिवस होता. गावे बदलली, जिल्हा बदलला, आशाताई बदलल्या, रजिस्टर बदलले. तिच्याबरोबर नदी ओलांडून आलेला सरकारी कागद एकच, तो बाळाच्या लसींचा.

दोन दिवसांनी मी सिस्टर आणि सासरच्या आशाताईंसह घरी गेले. प्रश्नावलीचे गुण 20. दहाव्या प्रश्नाचे उत्तर या वेळी "बरेचदा". बाजेखाली फवारणीच्या उरलेल्या बाटल्या होत्या, आमच्या भागात बहुतेक घरांत असतात तशाच. मी नवऱ्याला अंगणात नेऊन सगळे स्पष्ट सांगितले. तो गप्प राहिला, मग त्याने त्या बाटल्या उचलून शेतातल्या खोलीत नेल्या, कुलूप लावले आणि किल्ली करदोट्याला बांधली. त्या दिवसात जे जे झाले, त्यात मला हे सर्वांत मोलाचे वाटते. तिला एकटे ठेवायचे नाही, रात्री दोनला जाग आली तर नवऱ्याला उठवायचे, हेही ठरले. भरती करावे लागले तर काय, हा त्याचा प्रश्न होता: "पोरगी कोनाजवळ ठेवाची?" 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करता येत नाही, हे सांगितल्यावर त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला. भरतीची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांनी तिला पाहिले आणि औषध पुन्हा सुरू झाले.

या दोन्ही जिल्ह्यांत मानसिक आरोग्याचे काम नवे नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, आणि गावातल्या माणसांना मनाविषयी प्रश्न विचारले जाऊ लागले. परंतु ते काम सातबाऱ्यावर नाव असलेल्या, कर्ज असलेल्या माणसाभोवती उभे राहिले. त्याच घरातल्या बाजेवरच्या बाळंतिणीकडे नजर जायला वेळ लागतो, जरी 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या, भारतातल्या 38 अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण 22 टक्के निघाले होते.

पुढचे चार महिने

बैठका एकूण नऊ झाल्या. चार घरी, तीन रुग्णालयात, दोन फोनवर. पहिल्या दोन बैठकांत फक्त झोप आणि गोळी यांवर काम झाले: रात्री बाराच्या दुधानंतर चारपर्यंत बाळ सासूच्या कुशीत, आणि बाळंतिणीला सलग चार तास. नंतर दिवसाला एक ठरलेली कृती. कृषी केंद्राने नवऱ्याला दिलेली डायरी कोरीच पडली होती. तीत ती रोज एक ओळ लिहू लागली. "अंघोळ सकाळी केली." "ओट्यावर बसली, शेजारीण बोलली." एका पानावर फक्त "आज नाही" असे आहे. टाक्याच्या बाबतीत पायऱ्या केल्या: आधी भिंतीला टेकून बसून बाळाला मांडीवर घ्यायचे, मग दारापर्यंत, मग अंगण ओलांडायचे आणि विचार आला तरी परत फिरायचे नाही, तो येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा. टाक्याशेजारी उभी राहून तिने बाळाला पाजले तो दिवस डायरीत नाही, तो मला आशाताईंनी सांगितला.

सासूविषयी लिहिताना मला अजूनही अवघडल्यासारखे होते. मनाचा आजार ही गोष्ट तिने शेवटपर्यंत मान्य केली नाही. तिने सुनेला गंडा बांधून आणला, आणि मी त्यावर काही बोलले नाही. तिला पटली ती हिमोग्लोबिनची चिठ्ठी. "रगत कमी हाय, म्हनून असं होऊन राह्यलं," असे ती शेजारणींना सांगू लागली, आणि त्या एका वाक्याच्या आडोशाने सुनेच्या दोन्ही गोळ्या निर्वेध चालल्या, ऑटोचे पैसे निघाले, रात्रीचे बाळ सांभाळणे झाले. रक्त खरोखरच कमी होते, त्यामुळे मी खोटे काही बोलले नाही. पण मला जे माहीत होते ते सगळेही बोलले नाही. बाळंतिणीला मी विचारले होते, "सासूबाईंना मी समजावून सांगू का?" ती म्हणाली, "राहू द्या. रगतच बरं हाय." तिच्या घरात काय चालते हे तिला माझ्यापेक्षा अधिक कळत होते, म्हणून मी थांबले. सगळ्याच सहकाऱ्यांना हे पटलेले नाही.

बाळ साडेचार महिन्यांचे असताना प्रश्नावलीचे गुण 11 होते, साडेसहा महिन्यांच्या वेळी 6. दहाव्या प्रश्नाचे उत्तर आता "कधीच नाही". हिमोग्लोबिन 11 च्या वर गेले. बरे वाटू लागल्यानंतरही औषध किमान सहा महिने चालू ठेवायचे असते, आणि ते चालू आहे. गोळ्या आता सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात, नवरा महिन्यातून एकदा आणतो. टाक्याचा विचार पूर्ण गेलेला नाही. "येते, पन मंग जाते," असे ती म्हणते.

मी आता बाळंतीण माहेरी असतानाच सासरच्या आशाताईंचा नंबर मागून घेते, आणि कार्डाच्या मागच्या पानावर दोन्ही गावांचे नंबर लिहिते. त्यासाठी कार्डावर रकाना नाही. म्हणून अडीच महिन्यांच्या लसीच्या ओळीपाशी बाण काढून "मागे पाहा" असे लिहावे लागते. आता पेन्सिल वापरत नाही.

शेवटच्या बैठकीत तिने एकच प्रश्न विचारला: "पुढच्या टाइमले पयलेच सांगाव लागन काय?" हो म्हटले. एकदा हे झालेल्या बाईला पुढच्या बाळंतपणात ते पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून गर्भारपणाची पहिली नोंदणी करतानाच सिस्टरला सांगायचे. सध्या तिने तांबी बसवून घेतली आहे, हे सासूला माहीत नाही. पुढचे बाळंतपण झालेच तर ते नदीच्या कोणत्या तीरावर करायचे, यावर तिचे आणि तिच्या आईचे अजून एकमत झालेले नाही.